मिरगाआधीची आवराआवर

कोकणातल्या मुसलमान घराला दोन कॅलेंडरे लागतात. रमजान कधी, ईद कधी, हे चांद सांगतो. कौले कधी चाळायची, माडाला आळे कधी करायचे, भेंडी कधी टोचायची, हे नक्षत्र सांगते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत जाते. मिरग जागचा हलत नाही. म्हणून रोहिणी, मिरग, आर्द्रा, हस्त ही नावे आपल्या दादी-नानींच्या तोंडी मोहरम-सफर इतकीच सहज असायची.

२०२५ साली ही दोन्ही कॅलेंडरे एकमेकांवर आली. ७ जूनला बकरी ईद आणि त्याच सुमाराला मिरग. पाऊस मात्र त्यांच्यासाठी थांबला नाही. एरवी १ जूनच्या आसपास केरळात येणारा मान्सून त्या वर्षी २४ मेला आला, दुसऱ्या दिवशी तळकोकणात आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत तो साधारण ११ जूनला पोचतो. इतक्या लवकर पोचल्याची आधी नोंद नव्हती. ज्यांनी घराबाहेरची कामे मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती, त्यांची कौले अर्धी उतरवलेली, लाकडे अंगणात पडलेली आणि गटारे बुजलेली, अशा अवस्थेत पहिली सर आली. तेव्हा यापुढे मिरगाआधी म्हणजे १५ मेच्या आत, असे धरून चाललेले बरे.

अडचण सगळ्यांची एकच असते. घराचा कर्ता मुंबईत, नाहीतर दुबई-कुवेत-दोह्यात. रजा मिळते पंधरा दिवसांची, ती मे महिन्यात. त्यात दोन लग्ने, एक वास्तू, बहिणीकडे एक दिवस, तालुक्याच्या कचेरीत दोन. कौले चाळणारे गावात दोघेच आणि अख्खा मोहल्ला त्या दोघांच्या मागे. मग घराच्या वाट्याला जे तीन-चार दिवस येतात त्यांत काय होते? फाटकाला रंग आणि अंगणात पेव्हर ब्लॉक. दिसायला छान. रजा संपते, तो विमानाने परत जातो, आणि पावसाळ्याचे चार महिने त्या घरात राहते सत्तरीची अम्मी. गळती, शेवाळ, विंचू, तुटलेली वायर हे सगळे तिच्या वाट्याला. म्हणून मी रंगाच्या विरुद्ध नाही, क्रमाच्या बाजूने आहे. आधी छप्पर, मग पाण्याची वाट, मग विहीर, मग गडगा. रंग सर्वांत शेवटी, आणि तोही मेमध्ये नको; त्याचे पुढे सांगते.

छप्पर आणि त्याच्यावरची झाडे

कौलारू घर दरवर्षी हात मागते. एक कौल सरकले की त्याखालची रीप भिजते, भिजलेल्या रिपेला वाळवी लागते, वाळवी वाशात उतरते. दहा रुपयांच्या कामाचे पाच वर्षांत छप्पर बदलायचे काम होते. वर चढणाऱ्या माणसाला नुसते ‘बघून घे’ म्हणू नका. तीन जागा नेमून द्या: आढ्यावरची कौले, जिथे सिमेंट किंवा चुना तडकलेला असतो, छपराच्या दोन उतरणी जिथे मिळतात ती खोलगट पन्हळ, जिथे पातेरा साचून पाणी उलटे आत येते, आणि वळचणीची शेवटची रांग, जी वानरांच्या उड्यांनी हमखास फुटते. आत माळ्यावर दिवसा दिवा बंद करून उभे राहिले की जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे पाणी येणार. हे काम अम्मीही करू शकते. तिला वर चढावे लागत नाही.

मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगलोरला १८६५ साली काढला आणि मग त्या किनाऱ्यावर अनेक कारखाने उभे राहिले. आपल्या जुन्या घरांवर वेगवेगळ्या कारखान्यांचे शिक्के दिसतात ते त्यामुळे. याला व्यवहारी अर्थ आहे. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते. एका शिक्क्याच्या रांगेत दुसऱ्याचे कौल घातले तर ते नीट बसत नाही आणि तिथूनच गळते. शेजारचे जुने घर पाडले जात असेल तर आपल्या शिक्क्याची पन्नासेक कौले मागून घ्या आणि पडवीत उभी रचून ठेवा.

छपरावर आलेला आंबा किंवा फणस हा दुसरा धोका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांच्या घरखर्चाचा आधार होती, त्यांना पुन्हा लावलेली पोफळ धरायला पाच ते सात वर्षे थांबायचे होते. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आले. एवढ्या वाऱ्यापुढे कोणतीही छाटणी पुरत नाही हे खरे, पण दरवर्षीच्या साध्या वादळात घरावर पडते ती बहुधा आधीच सुकलेली फांदी असते.

आंबा उतरवून झाला की सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि छपरावर झुकलेल्या फांद्या काढाव्यात. मोठी फांदी एका घावात तोडली तर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश चीर द्यायची, मग तिच्या थोडे पुढे वरून कापायचे. फांदी सरळ खाली येते. उरलेले खुंट शेवटी खोडाजवळ साफ करायचे. जखमेवर बोर्डोपेस्ट लावायची. एका झाडापुरती करायची तर मोरचूद १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, चुना १०० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी नको. मोरचूद विषारी आहे. निळा रंग पाहून पोरे हात घालतात, तेव्हा त्यांना दूर ठेवा आणि ते भांडे पुन्हा घरात वापरू नका. त्याच वेळी आंब्यावरची बांडगुळेही काढून टाका. नुसता पाला ओरबाडून उपयोग नाही. बांडगूळ जिथे रुतले आहे त्याच्या खालून फांदीसकट कापावे लागते, नाहीतर ते पुन्हा फुटते.

माडाचे शास्त्र उलटे. पावसापूर्वी घर सुरक्षित करायचे म्हणून हिरव्या झावळ्या खोडालगत छाटल्या जातात. त्या ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, आत अंडी घालतो आणि माड वरून हिरवा दिसत असताना आतून पोखरला जातो. हिरवी झावळी कापायचीच असेल तर सुमारे चार फूट देठ ठेवून कापावी. सुकलेल्या झावळ्या, जुन्या पोयी आणि पिकलेले नारळ मात्र वेळेवर उतरवावेत. गेंड्या भुंग्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या खोडांत होते. वादळात पडलेला माड वर्षानुवर्षे परसात कुजत ठेवणे म्हणजे उरलेल्या माडांचे शत्रू घरी पाळणे.

झाड पूर्ण तोडायचे असेल तर एक लक्षात असू द्या. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही आपल्या परसातलीच झाडे आहेत. झाड स्वतःच्या जागेत असले तरी वनखात्याची परवानगी लागते. आणि फांदी विजेच्या तारेला टेकली असेल तर कोयता घेऊन कोणी चढू नये. महावितरणच्या कचेरीत कळवावे, वायरमन पुरवठा बंद करून कापेल.

पाण्याला वाट

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर तो पडतो तेव्हा हिशेब सरळ आहे: ३ लाख लिटर पाणी. चार महिन्यांत एवढे पाणी आपल्या पागोळ्यांवरून आपल्या जोत्याशी उतरते. त्याला आपण वाट दिली नाही तर ते स्वतःची करते, आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या खळ्यातून जाते. दोन भावांत, दोन घरांत जे वर्षानुवर्षे बोलणे बंद होते त्याचे मूळ कितीदा तरी एका बुजलेल्या गटारात सापडते.

जोत्याभोवतीची जमीन घरापासून बाहेर उतरती हवी. दहा फुटांना अडीच इंच एवढा उतार पुरे. पावसाळा आला की एक बादली पाणी ओतून पाहा, ते जोत्याकडे येते की दूर जाते. पागोळी पडते त्या रेषेत चिऱ्याच्या कपच्या किंवा खडी टाकली की मातीचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत आणि भिंतीच्या पायथ्याची ओल कमी होते. गटारातला पातेरा काढून तिथेच काठावर ठेवू नका. पहिल्या सरीबरोबर तो परत आत जातो. माडाच्या आळ्यात टाका.

पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटबद्दल माझे मत जरा कडू आहे. चिखल नको, गाडी आत यावी, म्हाताऱ्या माणसांना चालता यावे, हे सगळे मान्य. पण फाटकापासून परसापर्यंत सगळी जमीन झाकली की आधी मुरणारे पाणी आता धावते. गटार तेवढेच असते. जांभ्याची जमीन पाणी पिते, म्हणूनच आपल्या विहिरी भरतात. मोहल्ल्यातली दहा अंगणे झाकली गेली आणि मार्चमध्ये विहिरी आटायला लागल्या की टँकर सांगायची वेळ येते. ३००० मिलिमीटर पावसाच्या गावात टँकर. गाडीची दोन चाके जातील एवढे पट्टे आणि पायवाट करा, उरलेली जमीन मोकळी ठेवा. पन्हळीचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडता येते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर काढून टाकायचे, कारण त्यात छपरावरची घाण आणि पक्ष्यांची विष्ठा असते.

वजूच्या पाण्याचीही वेगळी वाट करा. त्यात साबण नसतो. मोरीच्या पाण्यात ते मिसळण्याऐवजी एक पाइप टाकून केळीत किंवा माडाच्या आळ्यात सोडले तर पाच वेळचे पाणी, घरात सहा माणसे असली तर, एका झाडाला उन्हाळाभर सहज पुरते.

डोंगरउतारावर घर असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. घरामागे जागा वाढवण्यासाठी कडा उभी कापलेली असेल तर तिच्या माथ्यावर चर काढून वरचे पाणी बाजूला वळवायलाच हवे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण-खेड पुराच्या पाण्यात होते, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. कड्याच्या वर जमिनीला भेग पडली, सरळ वाढलेली झाडे झुकू लागली, किंवा नितळ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येऊ लागले, तर सामान गोळा करत बसू नये. माणसे घेऊन निघावे.

विहीर

पहिल्या जोरदार पावसानंतर विहिरीचे पाणी चढते आणि त्याच आठवड्यात घरात जुलाब सुरू होतात. मेमध्ये पाणी तळाला असताना गाळ काढून घ्यावा, कठड्यातल्या फटी भराव्यात आणि भोवतालचे पाणी आत उतरणार नाही असा ओटा करावा. पाऊस सुरू झाल्यावर ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात. अंदाजे मूठभर टाकण्यापेक्षा हिशेब करा, सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. उत्तर घनमीटरमध्ये येते. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडायचे आणि निदान तासभर उपसायचे नाही. रात्री इशानंतर टाकले तर फजरपर्यंत आपोआप वेळ मिळतो. उघडे राहिलेले पाकीट निकामी होते. मागच्या वर्षीची पुडी वापरू नका.

बकरी ईद पावसाच्या तोंडावर येते तेव्हा विहिरीचा प्रश्न आणखी नाजूक होतो. कुर्बानीचा टाकाऊ भाग शहरात नगरपालिकेच्या गाडीत जातो, गावात तो परसातच पुरावा लागतो. खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा: विहिरीपासून निदान ५० फूट, उताराच्या खालच्या बाजूला, कमरेएवढा खोल. वर चुना आणि मग भरगच्च माती, त्यावर दगड, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. आपली विहीर वरच्या बाजूला असली तरी खालच्या बाजूला कोणाची आहे तेही पाहा.

गडगा आणि लाकडे

जांभ्याच्या दगडांचा कोरडा रचलेला गडगा हे विंचवांचे आणि फुरशांचे घर. लाकडांची रास, कौलांची थप्पी, नारळाच्या सोडणांचा ढीग हीही तशीच. हात घालण्यापूर्वी काठीने हलवा, पायात बूट हवेत, आणि काम उजेडी करा, मगरिबनंतर नाही. लाकडे जमिनीवर न ठेवता दोन आडव्या चिऱ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून रचा.

विंचवाबद्दल कोकणाला एका माणसाचे ऋण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली मुले, धडधाकट माणसे डोळ्यांदेखत जात होती. प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध विंचूदंशावर लागू पडते हे त्यांनी रुग्णांशेजारी रात्री काढून सिद्ध केले, आणि मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तालुक्याच्या दवाखान्यात हा उपचार आहे. तेव्हा विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे दिसले तर उतारा टाकण्यात, पाणी मंतरून घेण्यात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. फुरसे, घोणस, मण्यार, नाग चावला तरी तेच. चिरा देऊ नये, दोरीने आवळू नये, हातपाय फार हलवू न देता सरकारी रुग्णालयात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

पाऊस सुरू झाल्यावर

या चार महिन्यांत बाहेरचे काम थोडे असते, पण ते चुकवून चालत नाही. आठवड्यातून एक दिवस कोरडा: कुंड्यांच्या बशा, करवंट्या, जुने टायर, कोंबड्यांची भांडी, प्लास्टिकच्या ताडपत्रीच्या घड्या, सगळे उलटे करायचे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याने पाणी ओतले की साखळी तुटते. जुमा हा दिवस ठेवला तर लक्षात राहतो.

गटार साफ करणाऱ्याच्या पायात गमबूट हवेतच. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या भेगांवाटे लेप्टो शिरतो. चिखलात काम केल्यावर काही दिवसांनी ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे असे झाले तर डॉक्टरांना ‘मी गटारात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा. ते सांगितले नाही तर साधा ताप समजून दोन मोलाचे दिवस जातात.

शेवाळ हा मात्र सर्वांत दुर्लक्षित शत्रू. दारापासून संडासापर्यंत, विहिरीपर्यंत, पाखाडीच्या पायऱ्यांवर. म्हातारी माणसे तिथेच घसरतात आणि खुब्याचे हाड मोडले की पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत. ताठ ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन पंधरा दिवसांनी घासावे आणि त्या वाटेवर एक दांडी, साधा पाइपही चालेल, हाताला धरायला पक्की बसवावी. पेव्हर ब्लॉकच्या पैशांत अशा दहा दांड्या होतात.

नवा माड लावायचा तर खड्डा मेमध्येच खणून ठेवलेला असावा: तीन फूट लांब, रुंद आणि खोल, दोन माडांत २५ फूट. एवढे अंतर पाहून लोक हसतात आणि मग वीस वर्षांनी माड एकमेकांच्या सावलीत वाकडे झालेले बघत बसतात. घराच्या भिंतीपासूनही पुरेसे दूर. रोप दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेतून घेतलेले बरे. बाणवली जात आपल्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे टिकलेली आहे. मांडवावर पडवळ, दोडका, काकडी मिरगातच चढवावी. पावसाळ्यात मासळी बंद असते, तेव्हा हाच मांडव घर चालवतो.

हस्त सरला की

ऑक्टोबरच्या उन्हात पहिली फेरी भिंतींची. फटींत पिंपळ, वड, उंबराची रोपे उगवलेली असतात. बोटभर असताना ती मुळासकट निघतात. दोन पावसाळे राहिली तर चिरा फोडून बाहेर येतात. बंद घरांच्या भिंती पडतात त्या बहुधा अशाच. रंगाची वेळ डिसेंबर-जानेवारीत. तोपर्यंत भिंत आतून सुकलेली असते आणि रंगाला पापुद्रे धरत नाहीत. लाल माठ, मुळा आणि वालाला याच दिवसांत जागा द्यावी. फेब्रुवारीत गोळा झालेला पातेरा पेटवून देण्याची घाई नको. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की शेजारच्या काजूबागेत वणवा. तोच पातेरा आळ्यात वीतभर थर करून घातला तर उन्हाळ्यात माडाला पाणी कमी लागते.

घर बंद करून जाणाऱ्यांनी किल्ली शेजारच्या चाचांकडे देताना एक कागदही द्यावा. मेन स्विच कुठे, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे, जादा कौले कुठे, वायरमन आणि कौले चाळणाऱ्याचे फोन नंबर, आणि पंधरा दिवसांनी नेमके काय बघायचे: माळा, पन्हळ, मागचे गटार. थोडे पैसेही हातात ठेवावेत, म्हणजे त्यांना दोन मजूर बोलावण्यासाठी तुमच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. आणि शिडी घरात कुलपाआड ठेवू नका. बाहेर पडवीत साखळीने बांधा आणि तिची किल्ली त्याच जुडग्यात घाला.